वाफसा येईपर्यंत

मनुष्याच्या अंगीं धीर असावा, हें सर्वच सांगतात. कीर्तनकार सांगतात, शाळेंतील गुरुजी सांगतात, आणि पेढीवर बसलेला सावकारहि सांगतो. मात्र वसुलीचा दिवस उजाडला म्हणजे त्याचा स्वतःचा धीर सुटतो. उपदेश इतका स्वस्त झाल्यामुळें त्याचा नेमका अर्थ काय, हें विचारण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. वैजापूर तालुक्यांतील कास्तकाराला तर हा उपदेश ऐकून वीट आला आहे. आभाळाकडे डोळे लावून बसण्यांत त्याच्या पिढ्या गेल्या. त्याला आणखी 'धीर धर' असें सांगणें म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यास पाण्याची ओळख करून देण्यासारखें आहे.

म्हणून या लेखांत धीराची स्तुति करण्याचा आमचा विचार नाहीं. धीर कोठें धरावा, कोठें धरूं नये, आणि धरावयाचा तर त्याला आधार कशाचा असावा, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार आम्ही वाचकांपुढें मांडतों. आमचा तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत पडतो. सह्याद्रि ओलांडणारे ढग नाशिकच्या पश्चिमेसच बहुतेक रिते होतात. आमच्या वाट्यास उरतो तो थोडा आणि लहरी पाऊस. कोठें काळी भारी जमीन, कोठें मुरमाड हलकी. बाजरी, कापूस, मका, तूर, कांदा, हरभरा हीं येथलीं पिकें. अशा मुलखांत चार दिवसांची घाई किंवा चार दिवसांचा उशीर यावर सबंध वर्षाचा हिशेब ठरतो.

वाफसा म्हणजे काय

शेतकऱ्याच्या बोलींत एक शब्द असा आहे कीं, त्याला शहरी भाषेंत जोड सांपडणें कठीण. तो शब्द म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखल असते, तेव्हां वाफसा नसतो. ती उन्हानें खडखडीत वाळली म्हणजेहि वाफसा नसतो. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतील जादा पाणी निचरून जातें व तेथें हवा शिरते. बारीक पोकळ्यांत मुळांना पुरेल इतकी ओल टिकून राहते. या मधल्या स्थितीस वाफसा म्हणतात. त्याची परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरील मूठभर माती हातांत दाबावी. गोळा झाला आणि कंबरेच्या उंचीवरून टाकतांच तो फुटला, तर वाफसा आहे. गोळा न फुटतां नुसता चेपला, तर थांबावें. गोळाच झाला नाहीं, तर वेळ निघून गेली असें समजावें.

वाफशापूर्वीं काळ्या जमिनींत औत घातलें तर मातीची घडण मोडते, फाळाखालचा थर दाबला जातो, आणि वाळल्यावर दगडासारखीं ढेंकळें निघतात. ट्रॅक्टरच्या वजनानें हें नुकसान बैलांच्या औतापेक्षां अधिक खोल जातें. उलटपक्षीं, वाफसा दवडला तर बियाणें कोरड्या मातींत पडतें आणि उगवण विरळ होते. हलक्या जमिनीला वाफसा लौकर येतो व लौकर जातो. भारी जमिनीला तो उशिरा येतो व अधिक दिवस टिकतो. म्हणजे एकाच घरच्या दोन शेतांत धीराचें माप निराळें असतें. जो मनुष्य दोन्ही ठिकाणीं एकच दिवस धरतो, तो एका शेतांत उतावळा ठरतो आणि दुसऱ्यांत आळशी.

या एका शब्दांत आमचें सर्व म्हणणें आलें आहे. खूण ओळखून तिची वाट पाहणें आणि ती दिसतांच उठणें, याचें नांव धीर. खूण दिसण्यापूर्वीं उठतो तो उतावळा. खूण दिसल्यावरहि बसून राहतो तो आळशी. अडचण एवढीच कीं, आळशी मनुष्य आपल्या आळसाला धीर म्हणतो, आणि उतावळा आपल्या घाईला उद्योग म्हणतो.

पेरणीची घाई

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतें. त्याच्या आधीं एखादा वळीव गर्जत येतो, मातीचा वास सुटतो, आणि गांवांत एकच धांदल उडते. कोणी तिफण बाहेर काढतो, कोणी ट्रॅक्टरवाल्याच्या दारीं नंबर लावतो, कोणी बियाण्याच्या दुकानापुढें उभा राहतो. कृषि विभाग आणि परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ दरवर्षीं सांगत असतात कीं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत पुरेशी ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करूं नये. हा आंकडा कित्येकांना पुस्तकी वाटतो. म्हणून त्यामागचें कारण पाहूं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारें ४,००० लिटर पाणी. २० मिलिमीटरचा पाऊस झाला तर एकरावर ८०,००० लिटर पाणी पडलें, हें ऐकून डोळे दिपतात. परंतु उन्हाळाभर तापलेली, भेगाळलेली काळी जमीन तें पाणी पाहतां पाहतां गिळून टाकते, आणि वरच्या दोन-चार बोटांखालीं माती कोरडीच राहते. तेवढ्या ओलीवर दाणा फुगतो, कोंब टाकतो, आणि त्याचें कोंवळें मूळ खालच्या कोरड्या थरांत अडतें. त्यानंतर आठ-दहा दिवस उघडीप पडली कीं सगळें संपलें. ओल पिऊन जागें झालेलें बीं पुन्हां झोपीं जाऊं शकत नाहीं. मग येते ती दुबार पेरणी.

दुबार पेरणी हा शब्द तोंडानें उच्चारण्यास सोपा आहे; घरांत त्याचा अर्थ फार जड आहे. पहिल्या पेरणीचें बियाणें, खत, औताचें भाडें आणि मजुरी मातींत गेली. सोसायटीचें पीककर्ज एकदांच मिळतें, तें त्यांत संपलें. दुसऱ्या पेरणीचा पैसा येणार कोठून? तो येतो सावकाराकडून, किंवा दुकानदाराच्या उधारीच्या वहींतून, किंवा घरांतल्या बाईच्या गळ्यांतून. पुढें पीक साधलें तरी हंगाम उशिरा सुरू झाल्यामुळें उतारा घटलेला असतो.

तरीहि घाई करणाऱ्यास आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं. लौकर पेरलेल्या पिकास पुढें पाऊस लागून राहिला तर तें खरोखरच चांगलें येतें, आणि त्या वर्षीं गांव त्याचें नांव घेतें. शेजाऱ्याची तिफण चालतांना पाहून आपली भिंतीस टेंकवून ठेवणें ही सोपी गोष्ट नव्हे. पावसाचे अंदाज चुकतात, मजूर मिळत नाहींत, ट्रॅक्टरची पाळी गेली तर पुन्हां केव्हां येईल याचा नेम नसतो. म्हणजे ही घाई बहुधा भीतीपोटीं होते. भीतीवर उपदेशाचा उपाय चालत नाहीं. तिच्यावर माहितीचा आणि तयारीचा उपाय चालतो.

ती तयारी वाट पाहण्याच्या दिवसांतच करावयाची असते. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत दहा-दहाच्या रांगेनें मांडून गुंडाळावे, गोणपाट ओलें ठेवावें, आणि आठवडाभरानें कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणें पेरण्याजोगें आहे. कमी उगवले तर बियाण्याचें प्रमाण वाढवावें, फारच कमी उगवले तर तें बाजूस ठेवावें. कुदळीनें शेतांत चार ठिकाणीं उकरून ओल किती खोल गेली तें पाहावें. पाऊस लांबला तर कोणतें पीक घ्यावयाचें हें आधींच ठरवून ठेवावें. जुलैचा पंधरवडा उलटल्यावर मूग-उडदाचा नाद सोडावा. बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी हीं पिकें त्यानंतरहि साधतात. ज्याच्याजवळ दुसरी वाट तयार आहे, त्यालाच पहिल्या वाटेवर थांबतां येतें.

शेजाऱ्याचें शेत

आपल्या घाईचें फळ आपणच भोगलें असतें तर तो ज्याचा त्याचा प्रश्न होता. कापसाच्या बाबतींत तसें नाहीं. शेंदरी बोंडअळी, जिला अलीकडे गुलाबी बोंडअळी म्हणतात, तिचें पोट कापसावरच भरतें. मागील हंगामांतील बोंडांत व पऱ्हाटींत दडलेल्या अळ्यांचे पतंग उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या आरंभीं बाहेर पडतात. त्या वेळीं शेतांत पात्या-फुलें नसतील तर त्यांच्या पिढीला अन्न मिळत नाहीं व ती तेथेंच खुंटते. परंतु एखाद्यानें विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यांतच कापूस लावला, तर त्याच्या पात्या-फुलें नेमकीं त्या पतंगांच्या उपयोगी पडतात. एका शेतांत वाढलेली पहिली पिढी पुढें सबंध शिवाराच्या कापसावर पसरते. २०१७ सालीं या अळीनें महाराष्ट्रांतील कापसाची केवढी धूळधाण केली, हें कोणास सांगावयास नको. त्यानंतर हंगामपूर्व लागवड होऊं नये म्हणून कापसाचें बियाणें जूनपूर्वीं शेतकऱ्यांस विकूं नये, असे निर्बंध राज्यांत घालण्यांत आले.

याच पिकाची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. जो कास्तकार मे महिन्यांत घाई करतो, तोच पुष्कळदां डिसेंबरनंतर कापूस उपटण्याचें मनावर घेत नाहीं. आणखी एक वेचणी मिळेल या आशेनें पाणी देऊन फरदड ठेवतो. त्याला तो धीर वाटतो. वस्तुतः ती खूण दिसल्यावरहि न उठण्याची रीति आहे, आणि तीमुळें अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसणारें घर मिळतें. आरंभीं घाई आणि शेवटीं लोभ, या दोहोंच्या मधोमध बोंडअळी सुखानें नांदते.

खत मुरण्याचा काळ

शेणखताच्या बाबतींत हाच प्रकार आहे. उकिरड्यावरचें अर्धेंकच्चें खत एप्रिल-मे महिन्यांत गाड्या भरून शेतांत पसरलें जातें. त्याबरोबर तणाचें बीं, हुमणीचीं अंडीं व अळ्या आणि वाळवीस पोषक असा कच्चा पाला शेतांत जातो. शिवाय कच्चा काडीकचरा कुजतांना जमिनींतील नत्र स्वतःच खातो. त्यामुळें खत घालूनहि पीक पिवळें पडतें आणि मालक खताला दोष देतो.

इंदूर येथें १९२४ ते १९३१ च्या दरम्यान सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या साहाय्यानें जी कंपोस्ट पद्धति बसविली, ती इंदूर पद्धति या नांवानें जगभर गेली. १९३१ सालीं या दोघांचें पुस्तकहि प्रसिद्ध झालें. काडीकचरा, शेण, गोठ्यांतील मुताची माती आणि राख यांचे थर देऊन, ओल व हवा राखून, ठराविक दिवसांनीं तीन वेळां चाळवण करावयाची, आणि सुमारें तीन महिन्यांनीं खत वापरावयाचें, असा तिचा क्रम आहे. येथेंहि वाट पाहणें म्हणजे बसून राहणें नव्हे. पहिली चाळवण साधारण पंधरवड्यानें, दुसरी महिन्यानें, तिसरी दोन महिन्यांनीं. जो चाळवण न करतां नुसता सहा महिने खड्डा झांकून ठेवतो, त्याच्या धीराचें खत होत नाहीं; घाण मात्र होते. खत मुरल्याची खूणहि ठरलेली आहे: रंग काळसर, हात घातला तर ऊब नाहीं, शेणाचा वास गेलेला, आणि काडी बोटानें चुरगळते.

कांद्याची मान

उन्हाळी कांद्यानें आमच्या तालुक्यांतील पुष्कळ घरें उभीं केलीं, आणि कांहीं बुडविलींहि. या पिकाची खूण निसर्गानें उघड्यावर ठेवली आहे: कांदा पक्व झाला म्हणजे त्याची मान पडते. शेतांतील निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या कीं काढणीस आरंभ करावा. पाणी त्याच्या दहा-पंधरा दिवस आधींच तोडावें. परंतु बाजारांत भाव चढला अशी वार्ता येतांच हिरव्या मानेचा कांदा उपटला जातो. त्याची मान जाड राहते, तींतून कूज आंत शिरते. काढल्यावर तीन-चार दिवस पातीसह शेतांतच, एका ओळीच्या पातीनें दुसऱ्या ओळीचा कांदा झांकून, सुकवावा. मग इंचभर मान ठेवून पात कापावी. पुढें दहा-पंधरा दिवस सावलींत पातळ थर देऊन राहूं द्यावा. एवढें केलें तर हवेशीर चाळींत तो चार-पांच महिने टिकतो. या पंधरा-वीस दिवसांची घाई पुढें चाळींतून सडक्या कांद्याच्या पाट्या उपसून फेडावी लागते.

हें झालें मालाच्या अंगचें. विक्रीचा धीर ही निराळी आणि अवघड गोष्ट आहे. ज्याच्याजवळ चाळ नाहीं, ज्याच्या डोक्यावर औषधवाल्याची उधारी आहे, ज्याच्या घरीं लग्न ठरलें आहे, त्याला 'भाव येईपर्यंत थांब' म्हणणें सोपें आहे. त्यानें थांबावें कसें? आणि थांबलेल्यासहि फळ मिळेलच असें नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली, ती मे २०२४ मध्यें खुली झाली. मधल्या काळांत ज्यांचा कांदा बाजारांत आला, त्यांना पडलेल्या भावानें विकावें लागलें. शेतकऱ्यानें मानेची खूण ओळखली. पण दिल्लीच्या हुकुमाची खूण त्यानें कोठें पाहावी? येथें दोष कास्तकाराच्या स्वभावाचा नाहीं. ज्या बाजाराचे नियम रात्रींतून बदलतात, तो बाजार लोकांना घाई शिकवितो.

धान्य व कडधान्य यांच्या बाबतींत मात्र एक आधार उपलब्ध आहे आणि त्याचा उपयोग पाहिजे तितका होत नाहीं. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. मका, सोयाबीन, तूर, हरभरा असा माल योजनेंत भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामांत ठेवला असतां त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांच्या मुदतीनें, सालीना ६ टक्के व्याजानें मिळते. सुगीच्या ऐन गर्दींत भाव पडलेला असतांना माल न विकतां हातांत पैसा येतो, हें या योजनेचें मर्म. अशी रक्कम हातीं असलेल्या मनुष्याचा धीर आणि रिकाम्या हाताचा धीर यांत फार अंतर आहे.

पाण्याची पाळी

आमच्या तालुक्यानें पाण्यासाठीं जितकी वाट पाहिली, तितकी दुसऱ्या कशासाठीं पाहिली नसेल. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर-मधमेश्वरचा बंधारा आहे. इगतपुरी भागांतील मुकणे, भावली, वाकी, भाम या धरणांचें पाणी त्या मार्गानें जलदगती कालव्यांतून वैजापूर व गंगापूर तालुक्यांकडे आणावयाचें, अशी ही योजना. कागदावरून शिवारापर्यंत येण्यास तिला दशकें लागलीं.

पाणी आलें, तरी धीराची परीक्षा संपली नाहीं. उलट ती तेथें सुरू झाली. कालव्यावर शेजपाळीची पद्धति आहे, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतापासून आरंभ करून क्रमाक्रमानें वरच्या शेतांकडे यावयाचें. पद्धति न्यायाची आहे. पण वरचा कास्तकार पाणी आपल्या बांधावरून पुढें जातांना पाहतो आणि त्याचा जीव तळमळतो. मग रात्रीं नळी टाकली जाते, दार उचललें जातें, आणि टेलाचें शेत कोरडें राहतें. पुढच्या खेपेस टेलाचा शेतकरी पाणीपट्टी भरण्याचें नाकारतो, भांडण चावडीवर जातें, आणि सगळी चारी बिघडते.

आम्हीं या प्रश्नाचा जितका विचार केला, तितकें आम्हांस एकच कारण पुन्हां पुन्हां दिसलें. वरच्या मनुष्याला पुढची पाळी ठरल्या दिवशीं येईलच असा विश्वास नसतो. विश्वास नसला म्हणजे हातीं आलेलें सोडवत नाहीं. आगगाडी वेळेवर येणार हें ठाऊक असलेला उतारू फलाटावर शांत बसतो. गाडी येईल कीं नाहीं, जागा मिळेल कीं नाहीं, हें ठाऊक नसलेलाच धक्काबुक्की करतो. म्हणून पाण्याचें वेळापत्रक हंगामापूर्वीं चावडीवर लागणें, तें पाळलें जाणें, आणि पाणीवापर संस्थेनें आपल्या हातानें मोजून पाणी वांटणें, हाच खरा उपाय. २००५ सालच्या कायद्यानें सिंचनाचें व्यवस्थापन अशा शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याची सोय केलेली आहे.

विहिरीच्या पाण्यासंबंधानें शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें उदाहरण प्रसिद्धच आहे. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. डोंगरावर चर, बांध-बंधारे, झाडें, चराईबंदी, अशीं कामें तेथें वर्षानुवर्षें चाललीं. पण आमच्या मतें त्याहून मोठी गोष्ट ही कीं, शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, ऊस लावावयाचा नाहीं, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणें पिकें ठरवावयाचीं, हें गांवानें मान्य केलें. जमिनींत मुरलेलें पाणी विहिरींत उतरण्यास काळ लागतो. तेवढा काळ न थांबतां जो खोल-खोल छिद्र पाडीत जातो, तो पुढच्या वर्षाचें आणि शेजाऱ्याचेंहि पाणी आज उपसतो. एकट्यानें धीर धरला असता तर त्याच्या वांट्याचें पाणी दुसऱ्यानें ओढलें असतें. सर्वांनीं मिळून धरला म्हणून तो फळास आला.

घरांतील धीर

शेतावर धीर ठेवणारे कित्येक कास्तकार उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकतांच तो बाहेर ठेवून येतात. गोऱ्हा औताला लावतांना ते महिना-महिना त्याच्या कलानें घेतात. प्रथम मोकळ्या जुवाची संवय, मग हलकें ओझें, मग शांत जाणत्या बैलाच्या जोडीनें तास. घाईनें मारून जुंपलेला गोऱ्हा जन्मभर बुजरा राहतो, हें त्यांना पक्कें माहीत असतें. पण मुलाला एक हिशेब दोनदां समजावून सांगतांना त्यांचा हात उठतो, आणि जेवणाला घटकाभर उशीर झाला तर ताट भिरकावलें जातें. जनावराविषयींचें ज्ञान माणसाच्या बाबतींत कां विसरावें?

स्त्रियांच्या धीराविषयीं आमच्याकडे पुष्कळ बोललें जातें, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. आमच्या तालुक्यांतील शिऊर येथें संत बहिणाबाईंची समाधि आहे. १६२८ ते १७०० हा त्यांचा काळ. जन्म देवगांव रंगारीचा. लहानपणींच त्यांचें लग्न वयानें पुष्कळ मोठ्या अशा बिजवराशीं झालें. त्यांनीं तुकोबांना गुरु मानलें, त्याबद्दल नवऱ्याचा संताप व मार त्यांना सोसावा लागला. पुढें नवऱ्याचें मन पालटलें आणि तें कुटुंब देहूस गेलें. ही हकीगत त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितली आहे. या चरित्रावरून बायकांनीं मुकाट्यानें सोसावें असा बोध काढणारे लोक आहेत. आम्ही तसा बोध काढीत नाहीं. बहिणाबाईंनीं आपला हेतु सोडला नाहीं, गुरु बदलला नाहीं, आणि जें घडलें तें लपविलेंहि नाहीं; हा त्यांचा धीर. मारणारा हात मात्र त्या काळींहि अपराधीच होता. दुसऱ्याच्या धीराचा आधार घेऊन आपला उतावीळपणा चालविणें हा कोणाचाच हक्क नव्हे.

धीराला आधार लागतो

येथवर पाहिलेल्या प्रत्येक गोष्टींत एकच सूत्र आढळतें. ज्याच्याजवळ दुसऱ्या पेरणीचें बीं आहे, तो पहिल्या पावसाला भुलत नाहीं. ज्याला तारणावर पैसा मिळतो, तो सुगींत माल फेंकून देत नाहीं. ज्याला पाळीचा भरवसा आहे, तो रात्रीं दार उचलीत नाहीं. धीर हा स्वभावाचा गुण आहे खरा, पण त्याच्या मुळाशीं ओल लागते. मराठवाड्यांत कर्जापायीं कित्येक कास्तकारांनीं आपला जीव दिला. त्यांच्या घरीं जाऊन 'त्यानें थोडा धीर धरावयास हवा होता' असें म्हणणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. हें बोलणें कठोर आहे आणि खोटेंहि आहे. त्या मनुष्यानें पुष्कळ धीर धरलेला असतो. त्याच्या पायाखालचा आधार संपलेला असतो. अशा घरीं सांगावयाचें असेल तर हें सांगावें कीं, तूं एकटा नाहींस, आणि तें खरें करून दाखवावें.

म्हणून आमच्या सभासद बंधूंस आमची विनंति आहे कीं, येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवीं पुढील कामें हातीं घ्यावींत. एक साधें पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस चावडीच्या फळ्यावर लिहावा. मंडळाच्या केंद्रावरचा आंकडा आणि आपल्या शिवारांतील पाऊस पुष्कळदां जुळत नाहीं. सोयाबीन, तूर व हरभरा यांचें घरचें निवडक बियाणें राखावें, आणि त्यांतील कांहीं भाग गांवाच्या सामाईक कोठींत दुबार पेरणीची वेळ आलेल्या कुटुंबासाठीं ठेवावा. त्यानें तें सुगींत सव्वाईनें परत करावें. कापसाच्या लागवडीचा आरंभ आणि पऱ्हाटी उपटण्याचा शेवट, या दोन तारखा गांवानें मिळून ठरवाव्यात. चारीवरील पाळीचा कागद ग्रामपंचायतींत लावून घ्यावा. बाजार समितींत तारणाची सोय आहे कीं नाहीं याची चौकशी सुगीपूर्वीं करावी, माल दारांत येऊन पडल्यावर नव्हे.

यांतील एकहि काम मोठ्या खर्चाचें नाहीं, आणि एकहि काम एका दिवसांत पुरें होणारें नाहीं. पहिल्या वर्षीं दोन घरें कोठींत बीं घालतील, चार घरें हंसतील. पुढच्या उघडिपींत त्या कोठीचें दार उघडून एका कुटुंबाची पेरणी सावकाराच्या वहीशिवाय झाली, म्हणजे तिसऱ्या वर्षीं बीं घालणारांची संख्या आपोआप वाढेल.